मान खाली घालून दहा दिवस

मागच्या वर्षी फेब्रुवारीत एका मंगळवारी सकाळी मला उजव्या डोळ्याच्या कोपऱ्यात पडदा दिसला. खिडकीचा पडदा वाऱ्याने आत यावा तसा. मी दोनदा चष्मा पुसला, मग खिडकीकडे पाहिलं. ती बंद होती. त्याआधी आठवडाभर डोळ्यासमोर काळे ठिपके तरंगत होते, अंधारात मधूनच वीज चमकल्यासारखं व्हायचं. पण रिलीज तोंडावर होतं, आणि मायनस नऊचा चष्मा लावणाऱ्याला डोळ्यांच्या बारीकसारीक तक्रारींची सवय असते. संध्याकाळपर्यंत तो पडदा निम्म्यावर आला.

डॉक्टरांनी थेंब घालून, बराच वेळ आत डोकावून सांगितलं, "रेटिना सुटलाय. उद्याच ऑपरेशन." डोळ्याच्या आतल्या भिंतीला चिकटलेला हा पातळ थर कुठेतरी फाटतो, फटीतून पाणी मागे शिरतं, आणि ओल धरलेला वॉलपेपर सुटावा तसा तो सुटत जातो. मोठा मायनस नंबर असणाऱ्यांना हा धोका जास्त. (ठिपके अचानक वाढले, चमक दिसली, सावली आली, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. माझ्यासारखं रिलीज संपायची वाट बघू नका. या लेखातलं एवढंच लक्षात राहिलं तरी पुष्कळ.) ऑपरेशनमध्ये डोळ्यातला जेलीसारखा भाग काढतात, लेसरने फटीभोवती टाके घातल्यासारखं करतात आणि आत गॅसचा बुडबुडा सोडतात. बुडबुडा नेहमी वर जाणार. त्याने डोळ्याची मागची बाजू दाबून धरायची असेल तर माणसाचं तोंड जमिनीकडे पाहिजे. दर तासातली पन्नास मिनिटं, रात्रीसुद्धा, दहा दिवस. दुसऱ्या डोळ्यातही दोन कच्च्या जागा निघाल्या, त्यांना लेसर केलं. त्यामुळे त्या डोळ्यालाही विश्रांती.

"आणि लॅपटॉप?" मी विचारलं.

डॉक्टर नुसते हसले.

आपल्या मासिकासाठी मला विषय मिळाला तो 'समृद्ध आणि निरोगी आंतरिक जीवन'. शब्द इतके भारदस्त आहेत की मी आधी नाहीच म्हणणार होतो. मी काही साधक नाही. माझ्या फोनमध्ये ध्यानाचं एक ॲप होतं, त्यात सलग त्रेचाळीस दिवस ध्यान केल्याचा बिल्ला मला मिळाला होता, आणि त्यातले निदान वीस दिवस मी ॲप चालू ठेवून मेल वाचत होतो. पण या विषयाबद्दल मला जे काही कळलं ते त्या दहा दिवसांत, पालथं पडून, पिपलानीच्या आमच्या घरातली फरशी बघत. तेच लिहितो.

आधी व्यवस्था सांगितली पाहिजे, कारण ती बाबांनी केली. बाबा भेलमध्ये ट्रान्सफॉर्मर ब्लॉकला होते. निवृत्तीनंतर क्वार्टर सोडावं लागलं तेव्हा आईने पिपलानीपासून लांब जायला साफ नकार दिला, म्हणून लागूनच घर घेतलं. ऑपरेशनच्या दिवशी संध्याकाळी मी घरी आलो तर बाबांनी टेपने माझ्या कपाळापासून हनुवटीपर्यंतचं माप घेतलं. तासाभरात प्लायवूडचा तुकडा इंग्रजी यू अक्षरासारखा कापून, त्यावर जुन्या गादीचा फोम ठोकून दिवाणाच्या टोकाला बसवला. त्यात चेहरा अडकवला की खाली फक्त फरशीची एक चौकट दिसायची. मधोमध एक तडा आणि उजवीकडे हळदीचा जुना डाग. त्यावर डोळ्यातल्या बुडबुड्याचा एक थरथरणारा गोल. दहा दिवसांचं माझं जग हे.

पहिले दोन दिवस मी हुशारी केली. डोळे बंद आहेत, कान तर उघडे आहेत ना! बायकोकडून इअरफोन लावून घेतले आणि पॉडकास्ट सुरू केले, तेही पावणेदोनपट वेगाने. स्टार्टअप, इतिहास, क्रिकेट, झोप कशी सुधारावी, पैसा कसा वाढवावा. संध्याकाळी बायकोने विचारलं, "काय ऐकलंस दिवसभर?" आणि मला एकही गोष्ट धड सांगता आली नाही. दुसऱ्या रात्री अडीच-पावणेतीनच्या सुमारास इअरफोनची बॅटरी संपली. घर झोपलेलं. बायकोला उठवायची लाज वाटली, ती आधीच चार रात्री नीट झोपली नव्हती. मी ठरवलं, सकाळपर्यंत असंच पडायचं. त्यात काय!

पहिली पाच मिनिटं ठीक गेली. मग छातीत धडधड सुरू झाली.

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठातल्या टिमथी विल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक प्रयोग २०१४ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आला होता. लोकांना रिकाम्या खोलीत पंधरा मिनिटं बसवलं. फोन नाही, पुस्तक नाही, काही नाही, फक्त विचार करत बसायचं. सोबत एक बटण, दाबलं की विजेचा झटका बसणार. हा झटका नको म्हणून आम्ही पैसेसुद्धा देऊ, असं याच लोकांनी आधी सांगितलं होतं. तरी अठरा पुरुषांपैकी बाराजणांनी आणि चोवीस बायकांपैकी सहाजणींनी त्या पंधरा मिनिटांत निदान एकदा स्वतःला झटका देऊन घेतला. ऑफिसातल्या एका प्रशिक्षणात हे सांगितलं तेव्हा आम्ही सगळे हसलो होतो. त्या रात्री माझ्या हाताशी बटण असतं तर मी नक्की दाबलं असतं.

मी डोक्यात काहीतरी शोधायला लागलो. शाळेतली एखादी कविता आठवते का पाहिलं. दोन ओळी आल्या, पुढे अंधार. बरं, गाणं? मुखडा येतो, अंतरा नाही. पासवर्ड आठवले. घराच्या हप्त्याची तारीख आठवली. एका जुन्या बगचा नंबर आठवला, सहा आकडी, अगदी बरोबर. एका साबणाच्या जाहिरातीची धून पूर्ण आठवली. बीई करताना चार वर्षं रट्टा मारला होता, त्यातलंही काही उरलं नव्हतं. आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर माझ्याकडे होता तो नुसता कॅश होता. साठवण सगळी दुसरीकडे, आणि तिथे जायचा रस्ता त्या काचेच्या पाटीतून जात होता. ती काढून घेतल्यावर छत्तीस वर्षांच्या माणसाकडे पंधरा मिनिटं पुरेल इतकंही सामान नव्हतं.

आणि सामान नाही म्हटल्यावर जे दाराबाहेर ताटकळत उभं होतं ते आत आलं.

माझी आजी, बाबांची आई, नऊ वर्षांपूर्वी गेली. इथेच भोपाळात. मी तेव्हा पुण्यात होतो. संध्याकाळी आईचा फोन आला की आजीचं काही खरं नाही, निघता आलं तर निघ. त्या रात्री आमचं रिलीज होतं. मी म्हटलं, सकाळी निघतो. सकाळी कळलं ती पहाटे गेली. मी आलो, सगळं झालं, तेराव्यानंतर परत गेलो. त्यानंतर त्या रात्रीचा विचार मी एकदाही केला नव्हता. आता वाटतं, केला नव्हता म्हणजे करू दिला नव्हता. नऊ वर्षं कानात काही ना काही चालू होतं.

पुढचा दीड दिवस मी तेच उगाळत राहिलो. हेही सांगायला हवं, कारण 'आत डोकवा, स्वतःशी बोला' असं जे सगळे सांगतात, त्यात हे कुणी सांगत नाही. आत डोकावल्यावर कधी कधी एकच चाक फिरत असतं. चिखलात रुतलेल्या गाडीचं चाक फिरतं तसं, जागच्या जागी, आणखी खोल. त्याला विचार म्हणत नाहीत. विचार कुठेतरी पोचतो.

आईच्या लक्षात आलं. ती मला स्ट्रॉने ताक पाजत होती. म्हणाली, "काय चाललंय तुझं? दोन दिवस एक शब्द नाही." मी म्हटलं काही नाही. ती म्हणाली, "जे आहे ते एकदा सगळं मोठ्याने बोल. अर्धं नको." मी बोललो. फरशीकडे बघत बोलायचं होतं म्हणूनच जमलं असावं, समोर तिचा चेहरा असता तर जमलं नसतं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "आजी त्या रात्री शुद्धीत नव्हती. तू आला असतास तरी तिला कळलं नसतं." थोडं थांबून म्हणाली, "मला कळलं असतं."

एवढंच बोलून ती ग्लास धुवायला गेली. मला बरं वाटलं असं नाही म्हणता येणार. पण चाक थांबलं. जे झालं होतं ते आता एवढं होतं, एवढ्या आकाराचं, आणि ते कुणाचं देणं आहे हेही कळलं होतं. त्या रात्री मी झोपलो.

दुसऱ्या दिवसापासून मी आईचा आवाज ऐकायला लागलो. तो रोजच असतो घरात, मला कधी ऐकू आला नव्हता. कणीक मळताना तिचं रामदासांच्या मनाच्या श्लोकांचं पुटपुटणं चालतं. श्लोक दोनशे पाच, तिला सगळे पाठ. लहानपणी मला वाटायचं ही देवाशी बोलते. नीट ऐकल्यावर कळलं, हे तर मनाशी बोलणं आहे. मनाला समोर बसवून, आदराने हाक मारून, समजूत घालत, कधी दटावत. साडेतीनशे वर्षांपूर्वी कुणीतरी ही सोय करून ठेवली आणि ती आमच्या ओट्यापर्यंत चालत आली. आईचं माहेर उज्जैन. श्लोक संपले की ती कधी कधी माळवी गाणी गुणगुणते. पितृपक्षात तिकडच्या मुली भिंतीवर शेणाची संजा काढतात आणि संध्याकाळी तिच्यापुढे गाणी म्हणतात, ती. मराठी घरातल्या मुलींचा आश्विनात हादगा आणि त्याआधी संजा, असं दुहेरी भांडवल. सत्तरीला आलेली ही बाई वीज गेली, लाइन लागली, दवाखान्यात तीन तास बसावं लागलं तरी कधी कंटाळलेली मी पाहिली नाही. का, ते मला वयाच्या छत्तिसाव्या वर्षी कळलं.

आईचं गाणं ऐकून बाबा म्हणाले, "हेच ऐकत पडले होते कुमारजी देवासला."

बाबांचं आणि कुमार गंधर्वांचं जुनं आहे. ऐंशीच्या दशकात भोपाळच्या एका मैफलीला ते शिफ्ट संपवून तसेच गेले होते, कपड्यांना तेलाचा वास येत होता म्हणून मागे उभे राहिले, हा किस्सा आम्ही शंभरदा ऐकलाय. पण कुमारजींच्या आजाराची गोष्ट त्यांनी मला त्या दिवशी पहिल्यांदा सविस्तर सांगितली. नंतर मी स्वतःही वाचलं.

शिवपुत्र कोमकळी हे त्यांचं नाव. जन्म ८ एप्रिल १९२४, बेळगावजवळ सुळेभावीला. ऐकलेलं गाणं लहानपणी हुबेहूब गाऊन दाखवायचे, त्यातून कुमार गंधर्व ही पदवी मिळाली. मग मुंबईत प्रा. बी. आर. देवधरांकडे शिक्षण. विशी ओलांडताना देशभर नाव झालेलं. १९४७ मध्ये भानुमती कंस यांच्याशी लग्न झालं आणि वर्ष पुरं व्हायच्या आत क्षयाने गाठलं. हवा चांगली म्हणून १९४८ च्या जानेवारीत ते देवासला आले. आपल्या भोपाळहून इंदूरला जाताना लागतं तेच देवास, टेकडीवर देवी असलेलं. डॉक्टरांनी गाणं बंद केलं. तेवीस वर्षांचा गवई, ज्याला गायची मनाई. स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयावरचं औषध १९४३ मध्ये अमेरिकेत सापडलेलं होतं, पण आपल्याकडे ते मिळणं सोपं नव्हतं. मिळालं, आणि माणूस वाचला. एक फुफ्फुस मात्र गेलं. १९५३ मध्ये ते पुन्हा मैफलीत गायले. मधली पाचेक वर्षं खाटेवर, आणि मग हळूहळू हिंडते-फिरते होत.

त्या वर्षांत त्यांनी काय केलं? ऐकलं. पाखरं ऐकली, वारा ऐकला. आसपासच्या बायकांची गाणी ऐकली, दारावरून जाणाऱ्या जोग्यांची निर्गुणी भजनं ऐकली. स्वतःशी ऐकू येईल न येईल इतकं गुणगुणले. पुढे माळव्याची लोकगीतं त्यांनी गोळा केली, स्वरलिपीत उतरवली, आणि त्या धुनांच्या पोटातले राग शोधले. त्यांना ते 'धुनउगम' राग म्हणत. मालवती, संजारी, अहिमोहिनी, मघवा ही त्यातली काही नावं. कबीर जो त्यांनी गायला तो याच मातीतून. ऋतूंच्या गाण्यांचे कार्यक्रम केले, आणि आपल्या मध्य भारतातल्या मराठी माणसाला अभिमान वाटावा असं म्हणजे भा. रा. तांब्यांच्या कवितांचा 'तांबे गीत रजनी' केला. तांबेही याच मुलखातले, ग्वाल्हेर-देवासकडचे.

आता, 'आजार हे वरदानच होतं' असं कुणी म्हटलं की मला राग येतो. तो शब्द क्षयाने गेलेल्यांच्या घरी वापरून बघावा. मला या गोष्टीतून वेगळंच दिसलं. खाटेवर पडलेल्या त्या तरुणाच्या आत दहा-बारा वर्षांचं ऐकलेलं, घोटलेलं गाणं भरलेलं होतं. शांततेला काम करायला आत काहीतरी होतं. बाहेरून जोग्याचा एक सूर आला की आत त्याला पकडायला हजार हात तयार. माझ्या शांततेला काय मिळालं? सहा आकडी बग. एकांत सगळ्यांना सारखाच मिळतो, त्याला आत काय सापडतं ते आधीच्या वर्षांवर ठरतं.

आणि दुसरं. ते ऐकत पडलेले असताना भानुमतीबाई देवासच्या शाळेत शिकवायला जात होत्या. नोकरी, घर आणि आजारी माणूस, तिन्ही त्यांच्याकडे. १९६१ मध्ये त्या गेल्या. आंतरिक जीवन वगैरे जे काही फुलतं त्याला कुणीतरी बाहेरून टेकू दिलेला असतो, हे अशा लेखांत फारसं येत नाही. माझ्या दहा दिवसांत बायको ऑफिसचं काम, लेकीची शाळा, माझे चार-चार तासांचे थेंब हे सगळं करत होती. तिला एकांताची पंधरा मिनिटंसुद्धा मिळाली नाहीत. मी हे तिला बोलून दाखवलं तेव्हा ती म्हणाली, "मग बरा झालास की दे." ते देणं चालू आहे, त्याचा हिशेब घरातच राहू दे.

बाबांनी मला शिस्त घालून दिली. रोज एकच रेकॉर्डिंग. वीस-पंचवीस मिनिटांचं. आधी काही नाही, नंतर तितकाच वेळ काही नाही. स्पीकर बंद. पहिल्या दिवशी मला शास्त्रीय संगीत ऐकू आलं, म्हणजे काही विशेष नाही. दुसऱ्या दिवशी तेच पुन्हा. मी म्हटलं, "बाबा, दुसरं लावा ना." ते म्हणाले, "हे कुठे ऐकलंयस अजून?" तिसऱ्या दिवशी त्यांनी एवढंच सांगितलं, "ते जिथे थांबतात तिथे ऐक." चौथ्या दिवशी ऐकू आलं. एका फुफ्फुसाचा माणूस लांबलचक तानेच्या वाटेला जात नाही. तो छोटा तुकडा फेकतो आणि थांबतो. त्या थांब्यात मागे तंबोरा उरतो आणि आधीचा सूर तुमच्या डोक्यात चालू राहतो. पुढची जागा तुम्हीच मनात गाऊन बघता, आणि ते भलतीकडेच जातात. मला हसू आलं. पालथं पडून हसायला फार त्रास होतो.

त्यानंतर रेकॉर्डिंग संपल्यावरची वीस मिनिटं मला पुरेनाशी झाली. टिटवी ओरडायची. पहाटे कोकीळ, मोहोराचे दिवस होते. कचरागाडीचं गाणं, त्यामागोमाग भाजीवाल्याची हाक, दुपारी सातभायांची भांडणं. इतकी वर्षं हे सगळं रोज होत होतं.

मग मी आणखी एक खेळ सुरू केला. आमच्या जुन्या क्वार्टरपासून निघायचं आणि मनातल्या मनात चालत सारंगपाणी तलावापर्यंत जायचं. रस्ता चुकवायचा नाही, उडी मारायची नाही. फाटक, फाटकाशेजारी पारिजातक, मग... मग काय? शेजारच्या क्वार्टरला कुंपण होतं की मेंदी? बाजारातल्या गिरणीच्या अलीकडे कुठलं दुकान होतं? जिथे वीस वर्षं राहिलो तिथे मधेमधे नुसते पांढरे ठिपके. मी हाक मारून बाबांना विचारायचो आणि ते तिथूनच उत्तर द्यायचे: मेंदी, आणि तिच्यात तुझा चेंडू जायचा.

बरा झाल्यावर एडिथ बोन या बाईंबद्दल वाचलं. हंगेरीत जन्मलेल्या, ब्रिटिश नागरिक, डॉक्टर आणि अनुवादक. १९४९ मध्ये बुडापेस्टला त्यांना हेर ठरवून पकडलं, तेव्हा त्या साठीच्या होत्या. १९५६ च्या उठावात सुटेपर्यंत सात वर्षं एकांतवास. तिथे त्यांनी येत असलेल्या भाषांमधले शब्द मोजले, पाठ असलेल्या कवितांचे मनात अनुवाद केले, पावाच्या गोळ्यांचे मणी करून मोजायची पाटी बनवली, आणि पूर्वी राहिलेल्या शहरांच्या गल्ल्यांतून मनाने फिरल्या. बाहेर आल्या त्या शाबूत डोक्याने. मी वाचताना थांबलो, कारण माझं सारंगपाणी तिथे होतं. फरक एवढाच की त्यांनी गल्ल्या आधीच नीट बघून ठेवल्या होत्या.

नवव्या दिवशी मी बाबांना म्हटलं, "तुम्हाला एवढं कसं आठवतं?" ते म्हणाले, "मी रोज जातो ना."

कुठे? तर संध्याकाळी अंगणातल्या खुर्चीवर ते तासभर नुसते बसतात, तेव्हा. आम्हाला वाटायचं निवृत्तीनंतर वेळ जात नाही. बिचारे कंटाळतात म्हणून मी त्यांना दोन वर्षांपूर्वी टॅब्लेट आणून दिला होता, त्यावर बातम्या आणि पत्त्यांचा खेळ घालून. ते "छान आहे" म्हणाले आणि कपाटात ठेवून दिला. मला तेव्हा वाईट वाटलं होतं. त्या दिवशी कळलं की ते त्या तासात ट्रान्सफॉर्मर ब्लॉकच्या दारातून आत जातात. डावीकडून सुरुवात. पहिल्या मशीनवर कोण, दुसऱ्यावर कोण, कोणाची चहाची वेळ कधी, कोणाचा मुलगा कुठे लागला. काहीजण आता हयात नाहीत. त्यांच्यापाशी थोडं थांबतात. मग कॉइल तपासायची, क्रेन कुठे आहे बघायचं, आणि पलीकडच्या दाराने बाहेर. "रोज सगळे भेटतात असं नाही," ते म्हणाले. "काही दिवस कोणी रजेवर असतं."

अकराव्या दिवशी मान वर करायची परवानगी मिळाली. बुडबुडा पुढे जवळपास सात आठवडे होता. उभं राहिलं की डोळ्यात पाण्याची पातळी असावी तशी एक आडवी रेघ दिसायची, रोज थोडी खाली उतरलेली. ती वाटाण्याएवढी होऊन तळाशी घरंगळत राहिली आणि एका सकाळी नव्हती. नजर बरीच आली, पूर्ण नाही. उजव्या डोळ्याने दाराची चौकट अजून किंचित वाकडी दिसते.

माझ्यात काही क्रांती झाली असं समजू नका. पॉडकास्ट परत आले, साध्या वेगाने. फोन हातात असतोच, आमचं पोट त्यावर आहे. ध्यानाचं ॲप काढून टाकलं. संध्याकाळी सारंगपाणीला एक फेरी मारतो, फोन घरी ठेवून, आणि परत आल्यावर आज काय दिसलं ते पुन्हा एकदा चालून बघतो. मनाचे श्लोक पाठ करायला घेतलेत, आठवड्याला एक. मध्ये खंड पडतो, आता अडतीस झालेत. आई म्हणते या वेगाने तू पन्नाशीआधी नक्की संपवशील. आजीच्या तिथीला या वर्षी मी दोन दिवस रजा टाकली आणि आईबरोबर स्वयंपाकघरात बसलो. आम्ही त्या रात्रीबद्दल काही बोललो नाही, वडे तळले.

लेक सात वर्षांची आहे. ती अलीकडे संध्याकाळी आजोबांच्या खुर्चीशेजारी मोडा ओढून बसते. सुरुवातीला पाच मिनिटांत उठायची, मी काही म्हटलं नाही. परवा मला म्हणाली, "बाबा, तिसऱ्या मशीनवरचे काका रोज डब्यात कारलं आणायचे, आणि कुणी मागितलं तरी द्यायचे नाहीत." मी बाबांकडे पाहिलं. हे त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं.

"तुला कारलं आवडायचं नाही," ते म्हणाले.